एकवीस तासांच्या दिवसातले फूल

गेल्या वर्षी जुलै महिन्यात अलास्कातील फेअरबँक्स या गावी तीन आठवडे राहण्याचा योग आला. माझ्यासारख्या कारकुनाने अलास्काला जावे याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले. माझी धाकटी बहीण तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि जावई विद्यापीठात, वर्षानुवर्षे न वितळणाऱ्या गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करतात. जूनमध्ये बहिणीचे दुसरे बाळंतपण झाले. आईने जायचेच असे ठरवले. पण तिचे वय अडुसष्ट, आणि एकटी ती कधी वर्ध्याच्या पुढे गेलेली नाही. तिला पोचवायला कोणीतरी हवे होते. म्हणून मी कार्यालयात अर्जित रजेचा अर्ज टाकला आणि आम्ही माय-लेक तीन विमाने बदलून पृथ्वीच्या त्या टोकाला पोचलो.

माझ्या पिशवीत आणखी एक काम होते. नऊ वर्षांपूर्वी बहीण परदेशी गेली तेव्हा तिच्या पगारातून नागपूरला दीड हजार फुटांचा एक प्लॉट घेतला होता. त्याचा कर मी भरतो, कुंपण मी बघतो, पावत्या मीच जपून ठेवतो. तिथे घर बांधायचे की नाही, हे मी तिला फोनवर अनेकदा विचारले. "बघू ना दादा," एवढेच उत्तर यायचे. प्रत्यक्ष भेटीत विचारू म्हणून ती फाईल मी सोबत घेतली होती.

फेअरबँक्स हे चेना नदीच्या काठचे गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी वसवले. अक्षांश जवळजवळ पासष्ट, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त तिथून फार लांब नाही. आम्ही गेलो त्या आठवड्यात दिवस एकवीस तासांचा होता आणि उरलेल्या तीन तासांतही काळोख असा होतच नव्हता, नुसता संधिप्रकाश. खिडक्यांना जाड काळे पडदे लावून झोपावे लागे. आई पहिल्या रात्री दोन वाजता उठून, सकाळ झाली म्हणून चहा ठेवायला निघाली होती.

रस्त्यावरच्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून विजेची पिन लोंबताना दिसली. इथे विजेवर चालणाऱ्या मोटारी एवढ्या जास्त कशा, असे मी जावयांना विचारले. ते हसले. हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून गाडी उभी करून तिला वीज जोडून ठेवावी लागते, म्हणाले. उणे चाळीस अंश इथे अधूनमधून होतातच. (उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाईट दोन्ही मापे एक होतात. एवढे शाळेतले गणित मला आठवले, तेवढाच माझा मान राहिला.) आमच्या नागपूरच्या मे महिन्यातले शेहेचाळीस आणि इथले उणे चाळीस, यांत शहाऐंशी अंशांचे अंतर झाले.

अशा गावात बहिणीच्या घरामागे आठ झाडे होती. झाडे म्हणजे कमरेएवढी झुडपे, गर्द हिरव्या पानांची, आणि प्रत्येक देठावर आवळ्यापासून लिंबाएवढी गोल, गच्च कळी. या फुलाला पिओनी म्हणतात. मराठीत त्याला नाव असल्याचे मला माहीत नाही. आपल्याकडे ते होतच नाही, तर नाव कोण ठेवणार? चीनमध्ये त्याची लागवड शेकडो वर्षांची आहे, तिथे मूळ औषधालाही वापरतात. आज युरोप-अमेरिकेत लग्नाच्या गुच्छात त्याला मोठा मान आहे.

बाळ तीन आठवड्यांचे. बहीण बागेत वाकू शकत नव्हती आणि जावयांचे उन्हाळ्यातच बाहेरगावी काम असते. त्यामुळे बाग आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी बहिणीने खिडकीतून सांगितले, "आई, प्रत्येक देठावर मधली मोठी कळी ठेव. बाजूच्या बारक्या सगळ्या काढून टाक."

आईने कात्री हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. "काहून वो? फुलाच्या कळ्या तोडून टाकाच्या?"

माझ्या आईने तीस वर्षे विड्या वळल्या आहेत. मांडीवर सूप, हातात कात्री, तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कापायचे. तिच्या हाताची कात्री एक रेघ चुकत नाही. पण कळी तोडायला तिचे मन घेईना. बहिणीने समजावले की एका देठाला मिळणारे अन्न तीन कळ्यांत वाटले गेले तर तीन लहान फुले येतात. एकीलाच मिळाले तर ती फुगते. आई म्हणाली, "मंग बाकीच्याईनं काय पाप केलं?" याला उत्तर नव्हते. शेवटी बारक्या कळ्या मी तोडल्या. दोन दिवसांनी मात्र माझे काम तिला धसमुसळे वाटले आणि कात्री तिने काढून घेतली. त्यानंतर त्या आठ झाडांना मला हात लावू दिला नाही.

तोडलेल्या कळ्या तिने बशीत पाणी घालून ठेवल्या होत्या. त्या उमलल्या नाहीत.

बहीण रोज थोडे थोडे सांगत असे. ही मुळे तिने चार वर्षांपूर्वी, घर घेतले त्याच सप्टेंबरात लावली. पिओनी बियांपासून लावत नाहीत असे नाही, पण मग फुलासाठी फार वर्षे थांबावे लागते. म्हणून मोठ्या झाडाचे जाड मूळ तोडून, ज्यावर तीन ते पाच लाल डोळे आहेत असा तुकडा लावतात. डोळे वर, आणि त्यांच्यावर माती फक्त दोन इंच. जास्त खोल गेले की झाड जगते, पाने देते, पण फूल देत नाही. पुष्कळ लोक थंडीच्या भीतीने खोल पुरतात आणि मग वर्षानुवर्षे वाट बघत बसतात. थंडीची काळजी बर्फ करतो. जमिनीवर दोन-तीन फूट बर्फ साचला की तो रजईसारखा असतो. वर उणे चाळीस असले तरी खाली मूळ तग धरते. ज्या वर्षी बर्फ पडायच्या आधीच कडक थंडी येते, ते वर्ष धोक्याचे. त्यातही टेकडीवरच्या घरांचे नशीब बरे. इथे हिवाळ्यात थंड हवा जड होऊन खाली दरीत बसते आणि टेकडी गावापेक्षा कितीतरी उबदार राहते. आपल्याकडे डोंगरावर गार असते, इथे उलटे.

पहिल्या उन्हाळ्यात आलेल्या सगळ्या कळ्या तिने तोडल्या. दुसऱ्या उन्हाळ्यातही. तिसऱ्याला चार-पाच फुले ठेवली. झाडाला आधी मूळ धरू द्यायचे असते. "आणि एकदा धरले की दादा, पन्नास वर्षे हलायचे काम नाही. शंभर वर्षांचीही असतात. फक्त जागा बदललेली त्याला आवडत नाही. उपटून दुसरीकडे लावलेस तर पुन्हा दोन-तीन वर्षे रुसून बसते."

ती हे बाळाला पाजता पाजता बोलली. मी फाईलचा विषय त्या दिवशी काढला नाही.

दहा जुलैच्या सुमारास पहिली कळी सुटली. रंग फिका गुलाबी, 'सारा बर्नहार्ट' नावाची जात, फ्रेंच नटीच्या नावाची, १९०६ सालापासूनची. सकाळी ती मुठीएवढी होती. थंड हवेत ही फुले घाईने उमलत नाहीत. एक एक पाकळी मोकळी होत तिसऱ्या दिवशी पूर्ण उघडली. मी बाळाच्या कपड्यांसाठी आणलेली टेप लावली. आठ इंच भरले. आईने वीत पसरून ठेवली तर बोटभर कमी. आमच्या घरी जेवणाची ताटली असते त्याहून थोडे लहान. वजनाने देठ वाकत होते, त्यांना सुतळीने बांबूच्या काठीला बांधावे लागले. वास गुलाबासारखा, पण हलका. एवढे मोठे फूल मी तोवर सूर्यफुलाखेरीज पाहिले नव्हते, आणि सूर्यफुलात पाकळ्या कडेलाच असतात. इथे आतपर्यंत पाकळ्याच पाकळ्या.

फूल एवढे का होते, याचा हिशेब जावयांनी सांगितला तो मला चटकन कळला, कारण तो जमाखर्चच आहे. पान उजेडात अन्न तयार करते, ती जमा. झाड श्वासोच्छ्वासात अन्न जाळते, तो खर्च. आणि उष्णता वाढली की हा खर्च वाढतो. इथे उजेड जवळजवळ चोवीस तास, आणि हवा वीस-बावीस अंशांची. जमा भरपूर, खर्च कमी, शिल्लक फुलात. याच कारणाने अलास्कातल्या कोबीचे गड्डे प्रसिद्ध आहेत. २०१२ साली पामर येथील जत्रेत एक गड्डा बासष्ट किलोंहून जास्त भरला होता. माझे स्वतःचे वजन तेव्हा त्याहून कमी असावे.

पण एवढ्याने पिओनी मोठी होईल, येईल असे नाही. तिला हिवाळा लागतो. पाच अंशांखालच्या थंडीत काही आठवडे झोपल्याशिवाय तिचे डोळे जागे होत नाहीत. नागपूरला तिला कितीही खतपाणी घाला, ती फुलणार नाही.

हे फूल अलास्कात लोकांच्या परसात पूर्वीही होते. पण त्याचे पीक करता येईल हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. फेअरबँक्सला १९०६ साली सरकारी शेती प्रयोग केंद्र निघाले. चार्ल्स जॉर्जसन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या गृहस्थांनी अलास्कातली ही केंद्रे उभी केली आणि इतक्या उत्तरेला धान्य-भाजी होते हे दाखवून दिले. त्यांच्या नावाची बाग आज विद्यापीठाच्या आवारात आहे. आम्ही आईला तिथे नेले. त्याच बागेत २००१ साली पॅट्रिशिया होलोवे या प्राध्यापिकेने पिओनीच्या जाती लावून पाहायला सुरुवात केली. तिला एका परिषदेत दुसऱ्या राज्यातल्या फूल-उत्पादकाने विचारले होते, तुमच्याकडे पिओनी कधी फुलते? ती म्हणाली, जुलैत. तो म्हणाला, जुलैत जगात कोणाकडेच पिओनी नसते.

वाचकहो, मी बी.कॉम. झालो त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण बाजार म्हणजे काय हे या एका वाक्यात जसे समजले तसे पुस्तकात समजले नव्हते. हॉलंडची पिओनी मे-जूनमध्ये संपते. अमेरिकेच्या बाकीच्या राज्यांतली त्याच्या आसपास. दक्षिण गोलार्धात चिली आणि न्यूझीलंडची येते ती दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबर ते डिसेंबर. मधले जुलै-ऑगस्ट कोरे. आणि लग्ने तर त्याच महिन्यांत. उशिरा उजाडणाऱ्या या मुलखाचा उशीर हाच त्याचा माल ठरला. त्यानंतर फेअरबँक्सपासून दक्षिणेला होमरच्या समुद्रकाठापर्यंत लोकांनी शेते केली. त्यांत निवृत्त शिक्षक, नोकरदार, घर सांभाळणाऱ्या बायका असे पुष्कळ. सगळ्यांचेच जमले असे नाही. तीन-चार वर्षे उत्पन्न शून्य, मुळे महाग, मजूर मिळत नाहीत आणि माल विमानानेच जाणार.

गावाबाहेरच्या अशा एका शेतावर जावई आम्हाला घेऊन गेले. मालकीणबाई साठीच्या, डोक्यावर मच्छरदाणीची टोपी. (तिथल्या डासांबद्दल मी वेगळा लेख लिहीन.) काळ्या कापडाने झाकलेल्या सऱ्या, त्यांत शेकडो झुडपे, आणि फूल एकही नाही! सगळ्या कळ्याच. उमललेले फूल म्हणजे वाया गेलेला माल, असे त्यांनी सांगितले. कळी दोन बोटांत दाबून पाहायची. गोटीसारखी कडक लागली तर कापायची नाही, ती पुढे उमलतच नाही. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली की लगेच कापायची. एका दिवसात ती वेळ निघून जाते, म्हणून हंगामात सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सरी फिरावी लागते. देठ कापताना खाली दोन पाने ठेवायची आणि एका झाडाचे सगळे देठ कधीच न्यायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षीची शिदोरी राहत नाही. कापलेल्या कळ्या कोरड्याच, शून्याच्या जरा वर असलेल्या थंड खोलीत आडव्या ठेवतात. तिथे त्या काही आठवडे झोपून राहतात आणि पाण्यात ठेवल्या की जाग्या होतात.

कळ्यांवर मुंग्या फिरत होत्या. आईने लगेच राख मागितली. बाई म्हणाल्या, त्या कळीवरचा गोड रस चाटतात, त्यांचे फुलाशी काही देणेघेणे नाही, नुकसानही नाही. खरा शत्रू म्हणजे करडी बुरशी. ओलसर हवेत कळी काळी पडून वाळते. म्हणून पहिले गोठलेले दव पडून पाने मेली की ती कापून शेताबाहेर न्यावी लागतात. गावात हिंडणारे घोड्याएवढे मूस हरीण मात्र पिओनीच्या वाटेला जात नाही. कोबी खाते, हे सोडून देते.

आईने कळी दाबून पाहिली. बाईंनी तिचा हात पाहिला आणि मला विचारले, या काय काम करत? मी सांगितले. बाईंना विडी समजावता समजावता माझे इंग्रजी संपले. पण जाताना त्यांनी आईला कात्री दिली, एक सरी दाखवली, आणि अर्धा तास दोघी एकमेकींची भाषा न कळता कळ्या कापत होत्या. आईची एकही कळी परत टाकावी लागली नाही.

परतताना आईने गाडीत विषय काढला. "एक मूळ घेऊन जाऊ ना बापा नागपूरले. प्लॉटवर लावू. पोरगी येईन तेव्हापर्यंत मोठं होईन."

मी जावयांकडे पाहिले, ते रस्त्याकडे पाहत होते. झाडाची मुळे परवान्याशिवाय विमानातून नेता येत नाहीत, असे मी म्हणालो. ते खरेच आहे, पण उत्तर टाळण्यासाठीच मी ते बोललो. घरी आल्यावर आईने तेच बहिणीला विचारले. बहीण बराच वेळ बाळाचे टोपडे नीट करत राहिली. मग म्हणाली, "आई, तिथे त्याला थंडी नाही मिळणार. ते फुलणार नाही."

"आन् इथं पन्नास वर्षं राहीन?"

"हो."

आई उठून बागेत गेली. रात्रीचे दहा वाजले होते आणि ऊन होते. मी पिशवीतली फाईल काढून टेबलावर ठेवली. बहिणीने ती उघडली, पावत्या क्रमाने लावलेल्या पाहून जरा हसली आणि बंद केली. "प्लॉटचे तू बघ दादा. मुखत्यारपत्र सिएटलच्या वकिलातीतून करून पाठवते." त्या नऊ वर्षांत तिने मला दिलेले हे पहिले सरळ उत्तर. मला वाईट वाटले हे खरे, पण रागावता आले नाही.

मी जुलैच्या शेवटी परतलो. आई ऑक्टोबरपर्यंत राहिली. पहिल्या दवानंतरची पाने तिनेच कापली, असे बहिणीने कळवले. नागपूरला आल्यावर मी तिला एक शोध सांगितला. हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत उंच जंगलात, पिओनीची एक पांढरी जात रानातच उगवते. युनानी औषधांत 'ऊद सलीब' म्हणून जे मूळ विकतात ते याच कुळातले. मोमिनपुऱ्यातल्या एका दुकानातून मी त्याचा तुकडा आणला. आईने तो हातात घेऊन वास घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "याले डोळे कुठं हायेत? हे तं वाळलेलं हाय." आणि डब्यात ठेवून दिला.

या मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस अंश होते. कूलरसमोर बसून आम्ही बहिणीशी फोनवर बोलत होतो. तिने फोन अंगणात नेला. कडेला मळकट बर्फ अजून होता आणि काळ्या मातीतून लाल लाल कोंब वर आले होते. आईने चष्मा लावून एकेका झाडाचे मोजले. पहिल्याचे मागच्या वर्षी अकरा देठ होते, ते तिच्या लक्षात होते. यंदा सतरा. मोठी भाची कॅमेऱ्यासमोर येऊन उड्या मारत होती. तिला बाजूला सारत आई म्हणाली, "हे पाय पोरी, बारक्या कळ्या वेळेवर काढजो. अन् तुह्या नवऱ्याच्या हातात कात्री देऊ नको."